कागदावर फक्त 'जर्मनी': पूर्वजाचं गाव सापडत नसेल तर

अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न आता नेमाने येतो. नातवंडांसाठी वंशावळ करायला बसलं की एका बाजूला छापील कुलवृत्तान्त असतो. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, कोण कुठे दत्तक गेलं, सगळं त्यात. दुसऱ्या बाजूला जावयाचे किंवा सुनेचे खापरपणजोबा १८५०-६०च्या सुमारास बोटीने आलेले, आणि त्यांच्या नावापुढे एकच शब्द: जर्मनी. मग कोणीतरी उत्साहाने आर्कियनचं, म्हणजे जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या वह्यांच्या संकेतस्थळाचं, सदस्यत्व विकत घेतं आणि पहिल्याच संध्याकाळी कळतं की पूर्वजाचं नाव टाकून शोधण्याची ही जागा नव्हे. आधी प्रांतिक चर्च, मग त्याखालचा विभाग, मग पॅरिश (एका चर्चखालचा परिसर), मग वही, आणि वहीत पानांची छायाचित्रं. गाव माहीत नसेल तर पहिल्याच पायरीवर थांबावं लागतं.

यात संकेतस्थळाचा दोष नाही. जर्मनी हा एक देश झाला १८७१मध्ये. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी प्रशियात ऑक्टोबर १८७४पासून आणि साम्राज्यात सर्वत्र जानेवारी १८७६पासून. त्याआधीचा माणूस हवा असेल तर बहुतेक भागांत चर्चच्या वह्यांनाच पर्याय नाही: बाप्तिस्मा, लग्न, दफन. प्रत्येक पॅरिशची, म्हणजे वसईकर ज्याला धर्मग्राम म्हणतात त्याची, वही वेगळी. सगळ्या देशाची एकत्र सूची कधी झालीच नाही. फॅमिलीसर्च या विनामूल्य वंशावळ संकेतस्थळावर काही वह्यांतली नावं शोधता येतात हे खरं, पण तिथे 'योहान मायर' टाकलं की योहान मायरांची रांग लागते, आणि घाईतला माणूस त्यातला जन्मसाल जुळणारा पहिला उचलून मोकळा होतो. सार्वजनिक वंशावळींत दिसणाऱ्या कितीतरी चुकीच्या फांद्या अशाच फुटलेल्या आहेत.

म्हणून आधी एक गोष्ट: गाव जर्मनीत शोधू नका. गावाचं नाव अमेरिकेतल्या कागदांत मिळतं. जर्मनीतली वही उघडायची ती हातात आलेलं नाव खरं आहे का, हे तपासायला. अडचणी साधारण ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने खाली घेतल्या आहेत.

सगळे कागद नुसतं राज्य सांगतात

१८५०पासून अमेरिकन खानेसुमारीत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आणि जन्मस्थळ आहे, पण जन्मस्थळ म्हणजे देश किंवा राज्य. १८६० आणि १८७०ला प्रगणकांना सूचना होती की नुसतं 'जर्मनी' न लिहिता प्रशिया, बाडेन, बव्हेरिया असं राज्य लिहावं. सगळ्यांनी ती पाळली नाही, तरी या दोन खानेसुमाऱ्या आधी बघाव्यात. १८९०ची शोधू नका. १९२१च्या आगीनंतर ती जवळजवळ सगळी गेली.

आता गंमत अशी की तोच माणूस १८६०ला 'हॅनोव्हर', १८७०ला 'प्रशिया' आणि १९००ला 'जर्मनी' असा सापडतो, आणि लोक त्याची दोन-तीन माणसं करतात. माणूस एकच असतो. १८६६च्या युद्धानंतर प्रशियाने हॅनोव्हरचं राज्य गिळलं. हेसेन-कासेल, नासाऊ, फ्रँकफर्ट शहर आणि श्लेस्विग-होल्स्टाइन यांचंही तेच झालं. त्यामुळे आधी 'हॅनोव्हर' आणि नंतर 'प्रशिया' हा विरोध नाही, उलट दुजोरा आहे. मात्र १८६०लाच 'प्रशिया' असेल तर माणूस जुन्या प्रशियातला: ऱ्हाइनलँड, वेस्टफालिया, पोमेरेनिया, सायलेशिया, पोझेन, असा पश्चिमेच्या टोकापासून आजच्या पोलंडपर्यंतचा प्रदेश.

'हॅनोव्हर' वाचून हॅनोव्हर शहराच्या वह्या उघडणं ही सर्रास होणारी चूक. ते राज्याचं नाव आहे. 'डार्मस्टाट' आणि 'कासेल' यांचंही तसंच. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला हेसेन-डार्मस्टाट किंवा हेसेन-कासेल हे राज्य म्हणायचं असतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'बव्हेरिया'. म्युनिक, आल्प्स, चामड्याच्या तुमानी हे चित्र डोळ्यांपुढे येतं आणि शोध आग्नेय दिशेला निघतो. पण ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेचा फाल्ट्स हा प्रदेश १८१६पासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत बव्हेरियाच्याच ताब्यात होता, आणि अमेरिकेला जाणाऱ्यांची तिथे जुनी परंपरा होती. तुमचा 'बव्हेरियन' पूर्वज फाल्ट्समधला निघाला तर ते तुमचं भाग्य समजा. ऱ्हाइनचा डावा काठ फ्रेंचांच्या ताब्यात असताना १७९८पासून तिथे सरकारी नोंदणी सुरू झाली आणि फ्रेंच गेल्यावरही ती चालू राहिली. लग्नाच्या नोंदीत वर-वधूचं जन्मगाव आणि आई-वडिलांची नावं असतात. १८०५ संपेपर्यंतच्या तारखा तेवढ्या फ्रेंच क्रांतीच्या कॅलेंडरात येतात. त्या रूपांतरित करून घ्याव्या लागतात.

राज्य कळण्याची आणखी एक युक्ती. अमेरिकन नागरिकत्वाचे सप्टेंबर १९०६ आधीचे कागद कोणत्याही न्यायालयात होत आणि त्यांत गाव क्वचितच असतं. पण अर्जदार कोणत्या राजाची निष्ठा सोडतो ते लिहिलेलं असतं. 'बाडेनचा ग्रँड ड्यूक' की 'व्युर्टेंबर्गचा राजा' एवढं कळलं तरी नकाशाचा मोठा भाग बाजूला होतो.

मग गाव कोणत्या कागदात असतं?

बोटींच्या याद्यांपासून सुरुवात करायचा मोह होतो, कारण त्या रोमांचक वाटतात. अपेक्षा माफक ठेवा. अमेरिकेत उतरतानाच्या जुन्या याद्यांत बहुधा देशाचंच नाव असतं. जर्मनीतून निघतानाच्या याद्या हॅम्बुर्गच्या टिकल्या, १८५० ते १९३४, आणि त्यांत गाव असतं. तुमचा माणूस हॅम्बुर्गहून निघाला असेल तर काम झालंच. इंग्लंडमार्गे जाणाऱ्यांच्या याद्या वेगळ्या आहेत, त्याही बघा. पण हॅनोव्हर, वेस्टफालिया, हेसेनकडचे लोक बहुतेक ब्रेमेनहून निघत, आणि ब्रेमेनने जागा नाही म्हणून जुन्या याद्या स्वतःच नष्ट केल्या. त्यापुढच्या याद्या दुसऱ्या महायुद्धात गेल्या. उरल्या त्या १९२०नंतरच्या. नैर्ऋत्येकडचे पुष्कळसे फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातून गेले. तेव्हा बोट सापडली नाही म्हणून खचून जायचं कारण नाही. बोट सापडूनही गाव न मिळणं हेच जास्त घडतं.

गाव मिळण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे अमेरिकेतल्या जर्मन चर्चची वही. सरकारी कारकुनाला 'जर्मनी' पुरेसं होतं, पाद्र्याला नव्हतं. तो स्वतः बहुधा जर्मनीतून आलेला, त्याला गावांची नावं ओळखीची, आणि ती बरोबर लिहिण्याचं शिक्षण झालेलं. दफनाच्या नोंदीत 'अमुक गावी जन्म, तमुक राज्य' असं तो सहज लिहून जातो. म्हणून पूर्वजाची दफनाची नोंद, अमेरिकेत झालेलं लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, आणि मंडळीतल्या कुटुंबांची यादी या क्रमाने बघा. इंग्रजी भाषांतरित सूचीवर समाधान मानू नका. सूची करणारे जागा वाचवायला गावाचा रकाना गाळतात, असं वारंवार दिसतं. मूळ पान मागवा.

इथे लोक विचारतात की चर्च तर कधीच बंद पडलं, वही कुठे असेल? पंथावर अवलंबून आहे. मिसूरी सिनड या चर्चसंघाच्या लूथरन (मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) मंडळींचा इतिहास-संग्रह सेंट लुइसच्या कॉन्कॉर्डिया हिस्टॉरिकल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. इव्हँजेलिकल सिनडच्या कागदांसाठी त्याच भागातल्या ईडन सेमिनरीकडे विचारावं. कॅथलिक वह्या बिशपच्या कार्यालयाच्या दप्तरात. बंद पडलेलं चर्च बहुधा शेजारच्या चर्चमध्ये विलीन झालेलं असतं, वही तिकडे गेलेली असते.

त्यानंतर जर्मन भाषेतली अमेरिकन वर्तमानपत्रं. इंग्रजी पत्रातल्या मृत्युलेखात 'जर्मनीहून आलेला एक जुना रहिवासी' एवढंच असतं. त्याच माणसावरच्या जर्मन पत्रातल्या चार ओळींत गाव असण्याची शक्यता कितीतरी जास्त. बाल्टिमोरचं 'डेर डॉयचे कॉरेस्पोंडेंट' लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात विनामूल्य वाचता येतं. आणि पूर्वज यादवी युद्धात लढला असेल तर पेन्शनची फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवा. विशेषतः विधवेची फाइल: लग्न सिद्ध करायला तिला कागद जोडावे लागत, आणि कधी कधी त्यात जर्मनीतून आणवलेला चर्चचा दाखलाच निघतो.

पूर्वजाबद्दल काहीच नाही मिळालं तर त्याच्या भावाबहिणींकडे वळा. ते नसतील तर मुलांचे बाप्तिस्म्याचे साक्षीदार, लग्नाचे साक्षीदार, शेजारची शेतं. हे लोक एकेकटे क्वचित येत. ओल्डेनबुर्गच्या दक्षिण भागातले कॅथलिक सिनसिनाटीला, पोमेरेनियातले लूथरन विस्कॉन्सिनला, पूर्व फ्रिझलंडचे इलिनॉय आणि आयोवाला, अशा गावच्या गावांच्या ओळी लागलेल्या होत्या. साक्षीदाराचं गाव सापडलं की चार मैलांच्या परिघात तुमचंही असण्याची शक्यता दाट.

एक भ्रम जाता जाता. 'एलिस आयलंडवर अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं' ही कहाणी प्रत्येक घरात असते. एलिस आयलंड उघडलं १८९२ला, आणि यादी तिथे लिहिली जात नसे. ती बोटीबरोबर आलेली असे. श्मिटचा स्मिथ आणि त्सिमरमानचा कार्पेंटर झाला तो पुढे, शेजाऱ्यांच्या तोंडी आणि बहुतेकदा स्वतःच्या मर्जीने.

नाव मिळालं, पण असं गाव नकाशावर नाही

हे चांगलं लक्षण आहे. गाव बहुधा आहे, फक्त कुणीतरी ऐकून लिहिलेलं आहे. इंग्रजी कानाने जर्मन नाव ऐकलं की काय होतं ते ठरावीक असतं. 'ऊ' आणि 'ई' यांच्या मधला तो जर्मन स्वर 'ई' होतो, ओठ गोल करून म्हटलेला 'ए' साधा 'ए' होतो, आरंभीचा 'य' आणि 'ज' अदलाबदल होतात, ब-प, ड-ट, ग-क यांची तर बोलीतच सरमिसळ असते. शिवाय आपला शेतकरी प्रमाण जर्मन बोलत नव्हता. फाल्ट्समध्ये 'हाइम'ने संपणारी गावं बोलीत 'एम'ने संपतात. ड्युर्कहाइमला तिथले लोक डेर्कम म्हणतात. उत्तरेकडे ओस्नाब्र्युकचं ओसनब्र्युग्गे होतं. तेव्हा कागदावरचा शब्द मोठ्याने म्हणून बघा, मग व्यंजनांचा सांगाडा ठेवून स्वर मोकळे सोडा.

यासाठी हत्यार म्हणजे मायर्सचा १९१२चा गावकोश. साम्राज्यातलं जवळजवळ प्रत्येक खेडं, वस्ती, गिरणी त्यात आहे. त्याची संगणकीय आवृत्ती विनामूल्य आहे आणि तिथे अनोळखी अक्षरांच्या जागी तारा (*) टाकून शोधता येतं. मधली अक्षरं माहीत असली आणि राज्य माहीत असलं की यादी हाताच्या बोटांवर येते. जोडीला कॉम्पगेन या जर्मन वंशावळ संस्थेचा गावकोश. आजच्या पोलंडमध्ये किंवा रशियात गेलेल्या गावांसाठी कार्टेनमाइस्टर. तिथे जुन्या जर्मन नावावरून आजचं नाव मिळतं.

आणि कागदावर मोठ्या शहराचं नाव असेल तर त्यावर फार विसंबू नका. जेजुरीचा माणूस न्यू जर्सीत 'पुण्याचा' होतो, तसाच ब्रेमेनपासून दिवसभराच्या चालीवरचा माणूस मिसूरीत 'ब्रेमेनचा' झाला. कधी तर ते नुसतं बोटीचं बंदर असतं, नातवाने जन्मगाव म्हणून लिहिलेलं.

गाव नकाशावर आहे, पण एकाच नावाची बरीच

नॉयेनकिर्शेन घ्या. ओस्नाब्र्युकच्या अवतीभवतीच या नावाची गावं पसरली आहेत आणि तो सगळा पट्टा अमेरिकेला माणसं पाठवणारा. एक मेलेजवळ, एक ब्राम्शेजवळ, एक फ्योर्डेनशेजारी, एक राइनेजवळ, एक रीटबेर्गजवळ. समजा सिनसिनाटीतल्या कोणा हेन्री मायरच्या दफन-नोंदीत नुसतं नॉयेनकिर्शेन आहे. इथे आधी दुय्यम वाटलेलं राज्य कामाला येतं. १८६०च्या खानेसुमारीत त्याने 'ओल्डेनबुर्ग' सांगितलं असेल तर फ्योर्डेनशेजारचं. 'हॅनोव्हर' असेल तर मेलेजवळचं किंवा ब्राम्शेजवळचं. त्या काळीच 'प्रशिया' असेल तर राइने किंवा रीटबेर्ग, कारण ती दोन्ही वेस्टफालियात. पंथ कळला की आणखी गाळण होते: राइने आणि रीटबेर्गची गावं कॅथलिक, मेलेच्या बाजूला लूथरन बरेच. म्हणजे एका ओळीच्या नोंदीला खानेसुमारीचा एक रकाना आणि चर्चचा पंथ जोडला की पाचातली दोन किंवा एकच वही उघडायची उरते.

गाव पक्कं, पण वहीत तो नाही

इथे लोक हार मानतात, आणि मानू नये ती जागा हीच.

पहिलं कारण साधं असतं: त्या गावात चर्चच नव्हतं. वेस्टफालिया-ओस्नाब्र्युककडे एका पॅरिशखाली अनेक वाड्या असतात. पूर्वज वाडीचं नाव सांगायचा, वही मात्र चर्चच्या गावाच्या नावाने लावलेली असते. मायर्समध्ये गावाला स्वतःचं चर्च आहे का ते संक्षेपात दिलेलं असतं, आणि संगणकीय आवृत्तीत जवळची चर्चं अंतरासह दिसतात. लक्षात ठेवा, ती स्थिती १९१२ची. १८३०ला ते गाव दुसऱ्याच मातृचर्चखाली असू शकतं. शिवाय ज्या भागात एकाच पंथाच्या पाद्र्याला नोंदीचा हक्क होता तिथे दुसऱ्या पंथाची मुलंही त्याच्याच वहीत चढत. कुटुंब लूथरन आहे म्हणून कॅथलिक वही न उघडणं महागात पडतं.

दुसरं कारण नाव. 'हेन्री' शोधताना लोक हाइनरिश शोधतात आणि बाप्तिस्म्याच्या वहीत असतो योहान हाइनरिश विल्हेल्म. पहिलं 'योहान' हे घरातल्या सगळ्या मुलग्यांना लावलेलं. हाक मारायचं नाव पुढचं, पुष्कळदा शेवटचं. म्हणून एका घरात चार योहान दिसले तर गोंधळू नका. कॅथलिक वही लॅटिनमध्ये असेल तर ल्युडविगचा लुडोविकुस आणि विल्हेल्मचा गुइलिएल्मुस झालेला असतो, वर विभक्तीप्रमाणे शेवट बदलतो. बायकांच्या आडनावाला 'इन' लागतं. म्युलरिन म्हणजे म्युलरचीच.

आडनावाचं प्रकरण याहून खोल आहे आणि उत्तर-पश्चिम जर्मनीत ते टाळता येत नाही. वेस्टफालिया, लिप्पे, ओस्नाब्र्युक या पट्ट्यात आडनाव माणसाचं कमी आणि शेताचं जास्त. वारस मुलगी असलेल्या शेतावर जो लग्न करून आला त्याने त्या शेताचं नाव घेतलं. वहीत 'अमुक गेनान्ट तमुक', म्हणजे तमुक म्हणवला जाणारा अमुक, असं लिहिलेलं दिसतं, किंवा 'गेन.' एवढाच संक्षेप. कुटुंबाने शेत बदललं तर सख्खी भावंडं वेगवेगळ्या आडनावांनी चढलेली सापडतात. अमेरिकेत एका भावाने जन्माचं नाव धरलं, दुसऱ्याने शेताचं, आणि आज त्यांच्या वंशजांना आपण नातेवाईक आहोत याचा पत्ता नसतो. पूर्व फ्रिझलंडमध्ये तर कायमचं आडनावच नव्हतं: यान हार्म्सचा मुलगा हार्म यान्सन. नेपोलियनच्या राजवटीत १८११ला कायम आडनाव घ्यायचा हुकूम निघाला, पण जुनी सवय लगेच गेली नाही. तेव्हा त्या भागातला पूर्वज आडनावावरून न शोधता बापाच्या नावावरून शोधा.

तिसरं कारण कुटुंबाला आवडत नाही, पण विचारावं लागतं: जन्म लग्नाआधीचा होता का? बव्हेरियात १८६८पर्यंत लग्नाला स्थानिक परवानगी लागे आणि गरिबाला ती सहज मिळत नसे. मेक्लेनबुर्गमध्येही वास्तव्याचा हक्क असल्याशिवाय लग्न करता येत नसे. अशा ठिकाणी मूल आईच्या आडनावाखाली चढलेलं असतं आणि बापाचं नाव समासात, किंवा नसतंच. या राज्यांतल्या माणसांनी अमेरिका गाठण्याचं हेही एक कारण होतं. (मेक्लेनबुर्ग-श्वेरिनबद्दल एक बरी बातमी: १८१९ची तिथली खानेसुमारी माणसागणिक जन्मगाव देते.)

तारखेचं बघा. 'सात' हा आकडा आणि पुढे 'बर' असं महिन्याच्या जागी दिसलं तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. आठ बर म्हणजे ऑक्टोबर, नऊ बर नोव्हेंबर. लॅटिन आकड्यांवरून आलेली ही पद्धत आहे, आणि सूची करणाऱ्यांनीही इथे चुका केलेल्या आहेत. थडग्यावर 'वय ६७ वर्षं ३ महिने १२ दिवस' असेल तर उलट मोजून तारीख काढा, आणि वहीत बाप्तिस्म्याचा दिवस जन्मानंतर दोन-चार दिवसांचा असू शकतो हे धरून चाला. खानेसुमारीतल्या वयावर मात्र जन्मसाल बेतू नका. आधीची आणि नंतरची पाच-पाच वर्षं वाचाच.

वही जळली किंवा हरवली असेल तर दुसरी प्रत आहे का विचारा. बाडेनमध्ये १८१० ते १८७० चर्चच्याच वह्या सरकारी नोंदणीचं काम करत आणि त्यांची प्रत न्यायालयात जात असे. त्या प्रती तिथल्या राज्य अभिलेखागाराने विनामूल्य खुल्या केल्या आहेत. व्युर्टेंबर्गमध्ये १८०८पासून पाद्री कुटुंबागणिक एक पान ठेवत. एका पानावर आई-बाप, सगळी मुलं, जन्म, लग्नं, मृत्यू, आणि कडेला 'अमेरिकेस गेला'. असं पान हाती लागणं म्हणजे महिन्यांचं काम एका दुपारी होणं. कॅथलिकांसाठी मॅट्रिक्युला हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. पासाऊ, म्युन्स्टर, पाडरबोर्न यांच्या वह्या तिथे आहेत.

आणि लिपी. कुरेंट या जुन्या हस्ताक्षरात 'ई'चं अक्षर 'एन'सारखं दिसतं, 'यू'वर एक छोटा हूक असतो म्हणून तो 'एन'पासून वेगळा काढता येतो, 'एच'ला वर-खाली दोन्हीकडे फास असतात. तक्त्यावरून अक्षरं पाठ करून फारसं साधत नाही. त्याच पाद्र्याच्या हातची वीस पानं वाचा. तीच आडनावं, तीच गावं, तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात आणि हात ओळखीचा होतो. मग अडलेला शब्दही त्याच पानावर दुसरीकडे स्पष्ट लिहिलेला सापडतो.

सापडला! पण तोच कशावरून?

नाव आणि साल जुळलं म्हणजे ओळख पटली असं नाही. खेड्यात चार आडनावं आणि सहा नावं फिरत असतात. सापडलेल्या मुलाला आधी मारून बघा, म्हणजे त्याच गावच्या दफनाच्या वहीत पुढची पंधरा वर्षं वाचा. मूल दोन वर्षांचं असताना गेलेलं निघालं तर विषय संपला. आई-बापांनी तेच नाव पुढच्या मुलाला दिलं असेल तर तो बघायचा. तिथून वाचला तर लूथरनांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमाराची दृढीकरणाची (कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा मोठेपणी स्वतः कबूल करण्याचा विधी) यादी बघा. त्यानंतर लग्नाची वही: तुमचा माणूस सिनसिनाटीत असताना हा गावातच लग्न करून मुलं वाढवत असेल तर तो तुमचा नाही.

उलट बाजूने पुरावा म्हणजे भावंडं. अमेरिकेत माहीत असलेली बहीण, तिच्या वयासह, त्याच आई-बापांखाली त्याच वहीत असली पाहिजे. साक्षीदारांची आडनावं अमेरिकेतल्या साक्षीदारांशी जुळतात का तेही बघा. नुसता एक योहान हाइनरिश सगळीकडे सापडतो; योहान हाइनरिश, त्याची बहीण काटारिना आणि शेजारचा साक्षीदार हे तिघे एकत्र सापडणं योगायोगाने होत नाही.

जायची परवानगी काढली असेल तर तीही फाइल असते. व्युर्टेंबर्गमध्ये नागरिकत्व सोडावं लागे आणि मागे राहिलेल्या कर्जासाठी वर्षभराचा जामीन द्यावा लागे. नैर्ऋत्य जर्मनीतल्या देशांतराची सूची तिथल्या राज्य अभिलेखागाराने संगणकावर ठेवली आहे, आडनावावरून शोधता येते. सूचीत नाव नाही म्हणजे माणूस त्या भागातला नाही असं मात्र समजू नका. लष्करातली भरती चुकवायला रातोरात निघून गेलेले पुष्कळ.

काहीच नाही मिळालं तर

आडनाव दुर्मीळ असेल तर त्याचा नकाशा बघा. कॉम्पगेनने पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या हताहतांच्या याद्या नावागणिक लावल्या आहेत आणि त्यांत गाव असतं. मायर किंवा श्मिट असाल तर सोडून द्या, पण विचित्र आडनाव एखाद्याच तालुक्यात दाटलेलं दिसतं. त्याच संस्थेकडे गावागणिक संकलित केलेली कुटुंब-पुस्तकं आहेत; तो तालुका त्यांत आहे का बघा. डीएनए चाचणीतले जर्मनीत राहणारे दूरचे चुलत भाऊबंद उपयोगी पडतात, मात्र जर्मनीत चाचणी करणारे कमी, त्यामुळे वाट बघावी लागते.

अभिलेखागाराला पत्र लिहायचं झालं तर जर्मनमध्ये लिहा. पाच-सहा ओळी पुरेत: नाव जसं कागदावर आहे तसं, जन्मतारीख किंवा वर्षांचा पट्टा, पंथ, गाव आणि तो कागद कोणता ज्यात गाव मिळालं, मग नेमकी कोणती नोंद हवी. 'आमच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा' असं पत्र बाजूला पडतं. शुल्क किती लागेल ते आधी विचारा, कारण शोध तासावर मोजला जातो. १८७६नंतरचा जन्म हवा असेल तर पत्ता चर्चचा नसून नोंदणी कार्यालयाचा. तिथे जन्माच्या नोंदी ११० वर्षं, लग्नाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षं बंद असतात, त्यानंतर त्या नगर अभिलेखागाराकडे जातात.